तिसरी काडी

आमच्या गल्लीत भिंगराव कोण म्हणून विचारलंत तर कुणीही चष्म्याच्या दुकानाकडं बोट दाखवेल. पण दुकानात शिरलात तर ते दिसायचे नाहीत. पुढं मालक बसतो. येईल त्याच्या नाकावर फ्रेम चढवून 'ही तुम्हाला काय खुलून दिसते!' म्हणतो. मागं एक हिरवा पडदा, पडद्यामागं दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं श्वास कुठं घ्यावा अशी खोली, आणि त्या खोलीत भिंगराव एकतीस वर्षं भिंगं घासतायत. यंत्राच्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते. काचेचा पांढरा गाळ त्यांच्या नखांत, बोटांच्या पेरांत, भुवयांतसुद्धा बसलेला असतो. घासून झालेलं भिंग ते दिव्याकडं धरतात, एक डोळा मिटतात आणि तुम्हाआम्हाला काही म्हणता काही दिसत नाही तिथं त्यांना ओरखडा दिसतो. मालक म्हणतो, "चालेल हो, कुणाला कळतंय?" भिंगराव म्हणतात, "घालणाऱ्याला कळेल," आणि परत घासायला घेतात.

मी त्यांच्या शेजारचा फोटोवाला. माझं डोकं लवकर तापतं आणि तोंड त्याच्या आधी सुटतं, हे आमच्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. भिंगरावांचं उलट. दिवसाकाठी ते जेवढं बोलतात तेवढं मी दुकानाचं शटर वर करताना बोलून मोकळा होतो. तरी आमचं जमायचं. दुपारी चहा एकत्र. मी बोलायचो, ते पेल्यात बघून मान हलवायचे.

रविवारी मात्र हा माणूस घरी सापडायचा नाही. सकाळी डोक्यावर टोपी, हातात काठी, गळ्यात दोरीला अडकवलेलं स्वतः घासलेलं जाड भिंग, की चालले जंगलात. कशाला? तर कोळी बघायला. होय, कोळी. आपण झाडूनं काढतो ते. त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडंच राहते, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताई म्हणायची, "लग्नाचं म्हटलं की म्हणायचा, बघू. बघू बघू करत शेवटी बघत बसला ते हे आठ पायांचं!" भिंगराव नुसते हसायचे.

मला त्या कोळ्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. माझं दुःख वेगळं होतं. प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि माझ्या धंद्याचे बारा वाजले. लग्नं गेली, बारशी गेली, कुटुंबाचे फोटो गेले. उरले पासपोर्टचे. "कान दिसू द्या, हसू नका, बटण लावा." तीस वर्षं कॅमेरा हातात धरून मी लोकांना न हसायला सांगायचं काम करत होतो. आमचं फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे, ते दरवर्षी स्पर्धा भरवतं. माझ्या हाताखाली शिकलेले दोघं तिथं बक्षिसं घेऊन गेले. मी नुसता टाळ्या वाजवायला. एकदा चहा पिताना माझी ही रड चालू होती, तर भिंगराव पेल्यातून डोकं वर न काढता म्हणाले,

"एक बाई आहे. मोठी. तळहाताएवढी. दाखवू?"

बाई म्हणजे कोळीण. त्यांच्या बोलण्यात ती कायम बाई. लहान नखाएवढी होती तेव्हापासून ते तिला बघत आले होते. आता तिचं पोट टम्म फुगलं होतं. अशी बाई अंडी घालायला जाळं सोडून खाली जमिनीवर उतरते, पाचोळा बाजूला सारून खड्डा करते, अंडी घालून वर रेशीम विणते आणि सगळं परत झाकून टाकते. भिंगरावांनी हे पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी बघायचं म्हणून पाच वर्षं ते दर रविवारी जात होते, आणि पाचही वर्षं हुकलं होतं. कधी त्या वर्षीची बाई आधीच उतरली, कधी तिला पाखरानं उचललं. "यंदा दिसणार," ते म्हणाले. "दोन आठवडे, फार तर तीन. मी रजासुद्धा सांगून ठेवलीय." एकतीस वर्षांत या माणसानं रजा मागितलेली मी ऐकली नव्हती.

ती जागा त्यांनी तोवर कुणाला दाखवली नव्हती, ताईलासुद्धा नाही. मला दाखवली.

वाट चढाची होती. माझ्या पाठीवर कॅमेरा, स्टँड, फ्लॅश, आणि पुढं माझंच पोट. भिंगरावांचा गुडघा दुखरा, तरी ते पुढं आणि मी मागं धापा टाकत. तासाभरानं ते थांबले, वाकले आणि कुजबुजले, "आवाज करू नका. बाई घरी आहेत."

मी वर बघितलं आणि खरं सांगतो, दोन पावलं मागं सरलो. दोन झाडांच्या मधे दारावरच्या पडद्याएवढं जाळं, उन्हात पिवळं चमकणारं. मधोमध ती, डोकं खाली करून. काळीभोर, पाठीवर पिवळे पट्टे, पाय एवढे लांब की तळहात म्हणजे त्यांनी कमीच सांगितलं होतं. भिंगराव मात्र मावशीच्या घरी आल्यासारखे. गळ्यातलं भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाय बघा. सांध्याशी केस आहेत, दिसले? आणि तो वर तांदळाएवढा आहे ना, तो नवरा." त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

मी स्टँड लावला. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर चिकटवला, म्हणजे उजेड मऊ पडतो. डोळा लावला आणि डोकं सटकलं. तिच्या अगदी मागं तीन वाळक्या काड्या आडव्यातिडव्या. फोटोत तिच्या डोक्यातून शिंगं निघाल्यासारख्या दिसत होत्या. तीस वर्षं मी माणसांच्या मागचं साफ करत आलोय. मागं खिळा नको, सावली नको, कॅलेंडर नको. असं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी जागा बदलून बघितली, खाली बसून बघितलं. काड्या काही हटेनात.

भिंगरावांच्या ध्यानात आलं असावं. म्हणाले, "त्या मागच्या काड्यांना तिचे दोर बांधलेत हं. तेवढं सांभाळा."

"अहो, मला काय शिकवताय," मी म्हणालो.

मग मी म्हणालो, घसा कोरडा पडलाय, पाणी मिळालं तर बरं. तहान लागली नव्हती. बाटली अर्धी भरलेली माझ्या पिशवीतच होती. ओढा खाली उतारावर. तो भला माणूस लगेच निघाला. जाळ्याखालून वाकून, काठी टेकत, दुखऱ्या गुडघ्यानं उतरायला लागला. पाठमोरे दिसेनासे होईपर्यंत मी थांबलो. हे सगळं मला लख्ख आठवतं, त्यामुळं हातून नकळत झालं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

माझ्या खिशात कायम एक छोटी कात्री असते, पासपोर्ट फोटोचे कोपरे गोल करायची. पहिली काडी कापली. काही झालं नाही. दुसरी कापली. जाळं जरासं हललं, बस्स. मी चार-पाच फोटो घेतले. पण तिसरी काडी कोपऱ्यात येतच होती. एवढं केलंय तर एवढ्यासाठी कशाला सोडा, असं म्हणत मी ती कापली.

अख्खं जाळं एका बाजूनं खाली आलं. दोरी तुटल्यावर वाळत घातलेली चादर लोंबते तसं. ती झोका खात खाली आली आणि आठही पाय ताणून, सापडेल तो धागा धरून लटकली. मागं काही म्हणजे काही नाही, नुसता हिरवा अंधार. आणि मी काय केलं? अरेरे म्हणालो? नाही. बटण दाबलं. चार वेळा. मग ती चढून वरच्या पानाआड गेली. मी काड्या खिशात कोंबल्या.

भिंगराव बाटली घेऊन वर आले. आधी त्यांनी बाटली माझ्या हातात दिली, मग वर बघितलं. टोपी काढली. जाळ्याच्या त्या लोंबत्या भागाकडं बघितलं, मग ज्या वाटेनं गेले होते तिकडं, मग हातातल्या काठीकडं.

"माझी काठी लागली," ते म्हणाले.

मी काड्यांच्या खिशावर हात दाबून धरला.

"खालून गेलो ना मी. घाईत होतो. काठीला काहीतरी अडकल्यासारखं वाटलंसुद्धा. म्हटलं, वेल असेल."

आता इथं तोंड उघडायला मला कितीसा वेळ लागणार होता? एरवी भरल्या बाजारात कुणाचाही मुलाहिजा न ठेवणारा मी! पण खिशात काड्या टोचत होत्या आणि कॅमेऱ्यात तो फोटो होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या हो भिंगराव. होतं असं. मुद्दाम थोडंच केलंत?"

लाज वाटते सांगायला. मी त्यांना माफ केलं.

"मागं सरा," ते हळूच म्हणाले. "आता तिच्याजवळ कुणी नको. शांतता मिळाली तर बांधेल परत." उतरताना त्यांनी ती काठी टेकली नाही. हातात आडवी धरली होती, गुडघा दुखत होता तरी.

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मागितलेली रजा परत केली. ताई माझ्या दुकानात आली, म्हणाली, "अहो, याला झालंय काय? खिडकीशी बसून राहतो. विचारलं तर म्हणतो, मी गेलो की तिला त्रास होतो. पाच वर्षं दर खेपेला काही ना काही झालं, ते माझ्यामुळंच झालं असेल म्हणतो. तुम्ही होतात ना बरोबर? काय झालं तिथं?"

"काही नाही हो ताई," मी म्हणालो. "मनाला लावून घेतलंय झालं."

एकदा भिंगरावांनीच मला विनवलं, तुमचा पायगुण चांगला आहे, तेवढं जाऊन बघून याल का. मी गेलो. दोन झाडांच्या मधे एक धागा वाऱ्यावर हलत होता. पानाआड कुणी नव्हतं. खाली पाचोळा उलथून बघितला, तर खड्डा नाही की रेशीम नाही. परत येऊन सांगितलं, दिसली नाही. ते म्हणाले, "बरं," आणि पडद्याआड गेले.

फोटो मी स्पर्धेला पाठवला. म्हणाल, तेवढी तरी लाज ठेवायचीस. नाही ठेवली. पहिला आला. परीक्षकांनी व्यासपीठावरून सांगितलं, काय तोल आहे, पायांची काय ठेवण आहे, जणू नाचतेय. मी कोट घालून, छातीला बिल्ला लावून उभा. मंडळाच्या हॉलमध्ये तो फोटो दाराएवढा करून लावला होता. बायको मला चिमटा काढून म्हणाली, "आता तरी हसा, पासपोर्टचा नाहीये." मी हसलो.

आणि भिंगराव आले. इस्त्रीचा सदरा, नखं घासूनपुसून स्वच्छ. फोटोसमोर उभे राहिले, भिंगाकडं बघतात तसा एक डोळा मिटून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं, कळलं यांना. काचेवरचा केसाएवढा ओरखडा पकडणारा माणूस, याला कळणार नाही? बाजूला दोन-तीन अनोळखी माणसं होती, त्यातल्या एकानं विचारलं, "हा असा लटकलेला कसा हो?" भिंगराव त्यांच्याकडं वळले. अनोळखी माणसाशी आपणहून बोलताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"तिचं घर मोडलं होतं," ते म्हणाले. "माझ्यामुळं. माझी काठी लागली. अंडी घालायची होती तिला, पोटुशी होती. नंतर ती सापडली नाही. यांनी निदान फोटो तरी काढून ठेवला."

आणि माझा हात हातात घेऊन त्यांनी माझं अभिनंदन केलं. मनापासून. त्या माणसांनी भिंगरावांकडं, अरे बाप रे हा तो, अशा नजरेनं बघितलं. मी बिल्ला काढून खिशात टाकला, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता मी थेट पडद्यामागं गेलो. यंत्र चालू होतं. मी म्हणालो, ते बंद करा. त्यांनी बंद केलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कात्री, तीन काड्या, नसलेली तहान. बोलताना माझी जीभ अडखळत होती, जन्मात कधी अडखळली नव्हती ती.

भिंगराव ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला हो. "म्हणजे काठी नव्हती?"

"नव्हती."

"मी नव्हतो?"

"नव्हता."

"अरे देवा!" ते हसायलाच लागले. ओल्या हातानंच त्यांनी डोळे पुसले. "ताईला सांगायला हवं. मी नव्हतो! मला वाटायचं, माझ्या हातालाच काहीतरी आहे." मला वाटलं, सुटलो. शिवी नाही, आवाज नाही, उलट माणूस खूश आहे. मी हसून काहीतरी बोलणार तेवढ्यात ते म्हणाले,

"काड्या कुठं टाकल्यात?"

"खिशात होत्या. घरी येऊन फेकल्या."

"मी पाणी घेऊन आलो तेव्हा खिशात होत्या?"

"हो."

ते विचार करायला लागले. हिशेबी कारागीर माणूस, बोटांनी हवेत मांडून बघू लागले. "तिसऱ्या काडीला वरचा मोठा दोर असणार. तोच जाळं पेलतो. काड्या जवळ होत्या म्हणजे... माझ्या पिशवीत सुतळी असते. काडी होती तिथं परत बांधायची, दोर ओढून वर चढवायचा. दोन मिनिटांचं काम. बाकीचं ती बघते, एका दिवसात विणून काढते. मला वाटलं, काठीनं दोरच तुटलाय, आपण जवळ थांबलो तर ती पळेल. म्हणून मी मागं सरा म्हणालो." ते थांबले. "मी मागं सरा म्हणालो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

ते विचारत नव्हते, तरी मी हो म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कुणाच्या तरी चष्म्याचं अर्धं घासलेलं भिंग हातात घेतलं, दिव्याकडं धरलं, परत चाकाला लावलं. "मला हे संध्याकाळपर्यंत द्यायचंय," ते म्हणाले आणि यंत्र चालू केलं. त्या आवाजात बोलता येत नाही. मी पडदा सारून बाहेर आलो.

त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. मालकाला नाही, गल्लीत नाही. ताईला एवढंच सांगितलं की काठीनं झालं नव्हतं. मंडळाला मीच पत्र लिहून बक्षीस परत केलं. काय लिहिलं विचाराल तर, 'वैयक्तिक कारणास्तव'. तिथंही धड बोलायची हिंमत झाली नाही. भिंगराव पुढच्याच रविवारपासून जंगलात जायला लागले. चहाला आम्ही अजून एकत्र असतो. त्यांचा गुडघा, माझं पोट, मालकाचा कंजूषपणा, सगळं बोलणं होतं. आता मी पूर्वीइतकं बोलत नाही, त्यामुळं त्यांनाच थोडं बोलावं लागतं.

परवा रात्री मी जेवायला बसलो होतो. बायको बाजारातून आली ती पिशवी खाली न ठेवताच सांगायला लागली. "अहो, भिंगरावांना दिसलं की! दुसरीच एक बाई, अंडी घालताना! रविवारी पहाटेच गेले होते म्हणे. तीन तास हलले नाहीत जागचे. खड्डा करते काय, वर पानं ओढून घेते काय, भाजीवाल्याला हातवारे करून दाखवत होते. शिंप्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मला तर रस्त्यात थांबवून सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं हो त्यांच्या. अख्खी गल्ली त्यांच्यापाशी गोळा झाली होती."

त्याच दिवशी दुपारी चहाला आम्ही अर्धा तास शेजारी शेजारी बसलो होतो. साखर कमी आहे, एवढंच ते म्हणाले होते.

"तुम्हाला काय, सगळ्यात आधी सांगितलं असेल," बायको म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं ना."